राखणीच्या कोंबड्याची फिर्याद

२ डिसेंबर १९८५, सोमवार

हरवला म्हणे! अरे, हरवायला तो काय छत्री आहे? चोरीला गेलाय कोंबडा माझा — चोरीला!

सकाळी नळावरून आले तर खुराडं रिकामं. भिंतीपलीकडच्या नलिनीला सोबत घेतलं आणि तडक पोलीस स्टेशन गाठलं. टेबलावर धोंडिराम हवालदार. नाव? म्हटलं शेवंती. पूर्ण नाव सांगा. ह्यांचं नाव मी लग्नातल्या उखाण्यानंतर तोंडातून काढलेलं नाही, ते आता ह्या हवालदारापुढे काढू? तो पेन वर धरून बसला. मी भिंतीवरच्या गांधीजींकडे बघत बसले. शेवटी नलिनीनेच सांगून टाकलं. वर म्हणते, "लिहा हो, हिचं नेहमीचंच आहे."

मग वर्णन. रंग? तांबडा, शेपूट काळं-हिरवं. ओळखीची खूण? डाव्या पायाचं मधलं बोट वाकडं, पायात लाल दोरा. स्वभाव? — हे त्याने थट्टेने विचारलं. मी खरं ते सांगितलं. टोचरा. ह्यांना सोडून चाळीत सगळ्यांना टोचलाय. "संशय कुणावर?" म्हटलं, ज्यांना टोचलाय त्या सगळ्यांवर.

एवढं सगळं लिहून काय केलं त्याने? एन.सी.! म्हणजे नोंद झाली, आता घरी जा. आणि त्यात काय लिहिलं — कोंबडा हरवला! "मावशी, बाजारातून दुसरा आणा की. चवीला सगळे सारखेच."

चवीला! त्याला काय ठाऊक. दोन वर्षांमागे हे काविळीने पडले. संप फसला, मिल गेली, आणि वर हे. डोळे हळदीसारखे. डॉक्टरने मान हलवली. तेव्हा मी इथून, ह्या जोगेश्वरीच्या खोलीतून, गावच्या राखणदाराला हात जोडले — ह्यांना उठव, तुला घरी वाढवलेला कोंबडा देईन, विकतचा नाही. हे उठले. कोंबडा पिल्लू आणून वाढवला. येत्या पंधरा तारखेला, रविवारी, गावाला राखण, त्याला कोंबडा द्यायचा दिवस. शुक्रवारची एसटी. रिकाम्या हाताने गेले तर तो काय म्हणेल? आपलं दिलेलं परत मागेल. आणि काय मागेल ते मला लिहायचं नाही.

३ डिसेंबर

हे कालपासून धड जेवले नाहीत. बोलत नाहीत पण नवसाची काळजी आहे बिचाऱ्यांना. मी उगाच दगड म्हणते.

४ डिसेंबर, बुधवार

आज हवालदाराला ओलांडून साहेबाच्या खोलीत घुसले. "बाई, बाहेर थांबा—" थांबले असते तर रविवार उजाडला असता! साहेब तरुण आहे, पीएसआय. निदान ऐकून तरी घेतलं. मग एफआयआर. आता मला फरक कळला — एन.सी. म्हणजे पोलीस खुर्चीत बसून राहणार, एफआयआर म्हणजे खुर्चीतून उठणार.

लिहून वाचून दाखवलं. "सदर कोंबडी—" थांबा म्हटलं! कोंबडी नाही! ती अंडी देते, हा बांग देतो. खोडलं. खोडल्यावर बाजूला सही. परत वाचा म्हटलं. साहेबाने कपाळाला हात लावला, पण वाचलं. "लबाडीच्या इराद्याने, माझ्या संमतीवाचून चोरून नेला आहे." हे वाक्य मला फार आवडलं. माझ्या संमतीवाचून! बरोबर. माझ्या घरात माझ्या संमतीवाचून काही हलत नाही.

दुपारी पंचनामा. पंच म्हणून गिरणीवाला नंदकुमार आणि वरच्या मजल्यावरची मीराबाई. नंदकुमार पिठाने पांढरा, तसाच आला. धोंडिराम टेप घेऊन खुराडं मोजतोय. कशाला मोजतोस बाबा, ते चोरीला गेलं नाही! "पद्धत आहे, मावशी."

पण एक गोष्ट मात्र त्याने बरी बघितली. खुराड्याचं दार दोरीने परत नीट बांधलेलं. आणि आतली पाण्याची जर्मनची वाटी गायब! कोंबडा नेला तर नेला, त्याची वाटी पण? धोंडिराम म्हणतो, "चोर टापटिपीचा दिसतो."

हे दारात उभे होते. पंचनाम्यातला शब्दन् शब्द ऐकत होते.

५ डिसेंबर

पकडला! आणि कोण? राजाराम!!

ह्यांचा मिलमधला जोडीदार. एकटा जीव, रेल्वे फाटकापलीकडे राहतो. दर रविवारी माझ्या हातची मासळी खातो, "वहिनी, थोडी कढी" म्हणतो. कढी! त्याच्या शेजाऱ्यांनी तक्रार केली, ह्याच्या खोलीत दुपारभर कोंबडा आरवतोय. धोंडिराम गेला तर कॉटखाली कोंबडा, आणि पुढ्यात माझी वाटी!

मी पोचले तेव्हा त्याची तयारी चालली होती. आधी झडती. बिडी, काडेपेटी, मिलचा जुना पास — अजून खिशात! मग पायजम्याची नाडी काढून घेतली. का तर आत जाऊन फास लावू नये म्हणून. हे महाशय एका हाताने पायजमा धरून उभे. मग दहा बोटांचे ठसे. साच्यावर सूत ओढून ओढून बोटं घासलेली, रेषाच उमटेनात. शाईवाला शिपाई वैतागला, "बोटं आहेत का शेंगदाणे?" मग रंग काय, उंची किती, अंगावर ओळखीची खूण काय. कोंबड्याचं विचारलं तेच सगळं! फक्त स्वभाव विचारला नाही. तो मी सांगितला. सगळ्या पोलीस स्टेशनने ऐकला.

एक शब्द उलट बोलला नाही. का घेतलास? गप्प. कधी घेतलास? गप्प. आत नेताना मागे वळून म्हणतो, "वहिनी, जॉबरला दाणे घाला हां. भिजवलेले." मिलमध्ये मुकादमाला जॉबर म्हणत. इथे कुठला मुकादम? डोक्यावर परिणाम झाला म्हटलं.

कोंबडा आता माझा नाही, मुद्देमाल आहे. पंचांच्या सह्यांचं लेबल त्याच्या पायाला बांधलं. लाखेचं सील कुठे मारायचं ह्यावर दोन हवालदारांचं भांडण. ते भांडेपर्यंत त्याने लेबल खाल्लं. दुसरं बांधलं. तेही खाल्लं.

६ डिसेंबर

अर्धं पोलीस स्टेशन दादरला चैत्यभूमीच्या बंदोबस्ताला. मीराबाईही तिकडेच गेली, पहाटे. उरलेल्यांनी राजारामला कोर्टात उभा केला. पकडलेल्याला चोवीस तासांच्या आत न्यावाच लागतो म्हणे. चार दिवस कोठडी मिळाली.

बरं झालं, असं लिहिणार होते. पण नेताना पाहिला. पायजमा धरून चालला होता.

७ डिसेंबर, शनिवार

सुरमईच्या दोन तुकड्या कमी! मांजर म्हणावं तर डबाही नाही. दुपारी हे आले, हातात डबा, रिकामा. कुठे गेला होता? "पाय मोकळे करूक." डबा घेऊन? — धोंडिरामकडून कळलं. हे रोज कोठडीतल्या राजारामला जेवण पोचवतात! माझ्या घरचा चोर, माझ्या घरची सुरमई! हवालदार सगळ्यांना सांगत सुटलाय, फिर्यादीच्या घरून आरोपीला डबा, असली केस नोकरीत पहिल्यांदाच बघतोय.

ह्यांना विचारलं, अहो, तुम्हाला काही वाटतं का? म्हणाले, "वाटता." आणि खिडकीत जाऊन बसले.

९ डिसेंबर, सोमवार

साहेबाने आज स्वतः माणूस पाठवला, कोंबडा घेऊन जा! वायरलेसच्या टेबलाला बांधला होता. पहाटे बांग देतो, कोठडीतले आरोपी उठून चहा मागतात. आणि काल त्याने मोठ्या साहेबाच्या पोटरीला टोचलं. लगेच कोर्टातून कागद आला, मुद्देमाल फिर्यादीच्या ताब्यात द्यावा. म्हटलं, झकास! सही करायला बसले.

साहेब वाचतो — केस संपेपर्यंत सांभाळीन, विकणार नाही, कोर्ट बोलावील तेव्हा जिवंत हजर करीन.

"जिवंत?" म्हटलं. "अहो, रविवारी कापायचाय त्याला!"

साहेबाच्या हातातला चहा सांडला. "बाई, पुरावा आहे तो! पुरावा कापलात तर तुम्हालाच आत घालावं लागेल."

"केस कधी संपेल?"

"तीन-चार वर्षं धरा."

"आणि कोंबडा तेवढा जगला नाही तर?"

"मग तसा पंचनामा करू."

ह्याला काय म्हणायचं! चोराकडे होता तर निदान चोराकडून हिसकावून घेतला असता. सरकारकडून कोण हिसकावणार? तरी सही केली. पोलीस स्टेशनात ठेवला तर तो सील पण खाईल.

पिशवीतून आणला, दारात सोडला. खोलीत हे बसलेले. ह्यांना बघून तो पंख पसरून धावत सुटला. आणि ह्यांनी हात पुढे केला, हळूच म्हणाले, "ये, जॉबर. इलंस?"

जॉबर.

द्यायच्या जिवाला नाव ठेवायचं नाही, हे मी पहिल्या दिवशीच बजावलं होतं. आणि हे नाव मी राजारामच्या तोंडून ऐकलंय. नीट बांधलेली दोरी. वाटी. आणि कोंबडा ज्यांना कधी टोचत नाही असे एकच.

भाकरी तव्यावर करपली. करपू दे.

१० डिसेंबर

विचारलं. सरळ विचारलं. तुम्ही दिलात ना राजारामला? रविवार टळेपर्यंत लपवायला?

मान हलवली. दोन वर्षांत बोलले नसतील एवढं बोलले. "मिलचो भोंगो बंद झालो, शेवंते. माका उठवणारो तोच. तो आरडलो नाय तर माका कळूचा नाय, उठान काय करूचा."

मी म्हटलं, अहो, तुम्हाला उठवलं राखणदाराने! त्याचं देणं आहे ते! तुम्हाला काही झालं तर मी काय ह्या कोंबड्याच्या तोंडाकडे बघू?

तर म्हणतात, "राजाराम आत आसा. आधी तेचा बघ."

मित्राची लाज आहे, बायकोच्या जिवाला घोर लावायची नाही! चपला घातल्या, ह्यांना पुढे घातलं, पोलीस स्टेशन. साहेबाला म्हटलं, फिर्याद परत द्या. "परत मिळत नाही. तुमची होती तोवर तोंडी होती. लिहिली की सरकारची." मग आता? "खरं काय ते पुरवणी जबाबात सांगा. संमतीने दिला असेल तर ती चोरीच नाही. मग चूकभुलीने केस नोंदली असं कोर्टाला कळवू. सी समरी म्हणतात."

धोंडिरामने कागद ओढला. "कोंबडा आरोपीला कुणी दिला?" माझ्या नवऱ्याने. "नाव?" हे शेजारीच उभे होते, तोंड उघडलं त्यांनी. पण साहेब म्हणाला, जबाब फिर्यादीचा आहे, फिर्यादीनेच सांगावं. नलिनी आज नव्हती. गांधीजी होते, पण ते काय बोलणार.

सांगितलं. मोठ्याने सांगितलं. शाईवाल्या शिपायाने पण वळून पाहिलं. हे खाली बघत होते, कान लाल.

राजाराम संध्याकाळी सुटला. नाडी परत मिळाली. "वहिनी, राग नको. शब्द दिला होता." म्हटलं, मेल्या, रविवारी जेवायला ये. नंतर आठवलं, रविवारी मी इथे कुठे असणार.

एक मात्र बरं. कोर्टाचा हुकूम येईपर्यंत कोंबडा सरकारी. राखणदाराला तसं सांगता येईल. सरकारपुढे मी काय करणार?

१२ डिसेंबर, गुरुवार

तीही सोय गेली. धोंडिराम आत्ताच हुकूम दाखवून गेला. "सुटला तुमचा कोंबडा, मावशी. आता कापा, नाहीतर काय हवं ते करा." हे घरात नव्हते. मी ह्यांना सांगितलेलं नाही.

तर राखणदारा, तुलाच लिहिते, खोटं बोलायला आता जागा नाही. कोंबडा येत नाही. मी येते, नारळ घेऊन. नवस बोलले होते मी, तक्रार लिहायची तर माझ्या नावावर लिही. तू उठवलेला जयवंत माझ्या जामिनावर आहे, त्याला हात लावायचा नाही. मान्य नसेल तर उद्या एसटी सुटायच्या आत सांग — मला, त्याला नाही.