एका माणसापुरता डेक

४ मार्च, मंगळवार

पुन्हा हरले! तीन डाव, तिन्ही हरले. तेही बँकेतल्या त्या बाईंकडून, ज्या अजून पानं पिसताना दोन खाली पाडतात.

कार्डांच्या दुकानाचा मालक काउंटरमागून सगळं बघत होता. डाव संपल्यावर त्याने माझा डेक, मी निवडून जमवलेली साठही पानं, टेबलावर पसरली, खालून वर, वरून खाली बघितली. म्हणाला, "डेक वाईट नाहीये ताई. पण हा एकाच माणसाला हरवायला बांधलाय."

मी हसले. आणि बसथांब्यावर येऊन चारचौघांत रडले.

खरंच आहे ते. बारा वर्षं मी हा खेळ एकाच माणसाशी खेळले. नवऱ्याशी, ह्याच जेवणाच्या टेबलावर. त्याची खोड मला तोंडपाठ. चांगली पानं दाबून ठेवायची, मख्ख चेहऱ्याने बसायचं, मी सुखावले की 'वणवा' टाकायचा. माझी सगळी मांडणी खाक! म्हणून माझ्या डेकमध्ये चार 'बांध', वणवा अडवायला. आणि चार 'कानोसा', त्याच्या हातात काय आहे ते डोकावून बघायला. बाकी दुनिया अशी खेळत नाही. बाकी दुनिया पहिल्या चालीपासून अंगावर येते. माझे बांध हातात तसेच राहतात आणि मी मरते.

आमच्या दातांच्या लॅबमध्ये एकाच तोंडात बसेल अशी कवळी केली तर डॉक्टर शाबासकी देतात. इथे हसं होतं.

ऑक्टोबरमध्ये घर सोडून गेला तो. "आता नाही जमत" — एवढंच बोलला. बारा वर्षांना तीन शब्द.

६ मार्च, गुरुवार

स्पर्धेत नाव दिलं. २३ तारीख. तो असणारच, दरवर्षी असतो.

इथे लिहायला काय लाजायचं — मला बक्षीस नको आहे. मला तो समोर बसायला हवा आहे. फोन उचलत नाही. मेसेजला उत्तर देतो ते फक्त बाबांच्या औषधांपुरतं. पण स्पर्धेत गाठ पडली तर पन्नास मिनिटं समोरून उठता येत नाही! तेवढ्यात एकदाच विचारायचं — घरी येशील का? नाही म्हणाला तर नाही. पण माझ्याकडे बघून म्हणू दे.

अडचण अशी की प्रत्येक फेरीनंतर जिंकलेल्यांची गाठ जिंकलेल्यांशीच घालतात. आणि तो सुरुवातीच्या फेऱ्या हरत नाही. म्हणजे त्याच्यापर्यंत पोहोचायचं तर मलाही जिंकत जावं लागणार. बँकेतल्या बाईंशीसुद्धा!

९ मार्च, रविवार

बाबा म्हणजे माझे सासरे. मुलगा गेला, बाबा राहिले. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलंही नाही. तो गेला त्या दुपारी मी चहा ठेवला तो सवयीने दोघांचा ठेवला, आणि दुसरा कप बाबांनी घेतला. तेव्हापासून असंच चाललंय.

वहिनीचा आज पुन्हा फोन. "अगं, तू का त्यांचं करत बसलीस? मुलगा आहे ना त्यांचा चांगला धडधाकट!" मी भाजीचा विषय काढला.

संध्याकाळी बाबा चष्मा पुसत टेबलाशी आले. "मला शिकव. तुला समोर कुणीतरी लागेल ना."

शिकवलं. अरे देवा! जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली त्यांनी, त्यामुळे प्रत्येक पानावरचा बारीक मजकूर आधी अथपासून इतिपर्यंत वाचणार. मग मान हलवणार, मग म्हणणार, "हे वाक्य अर्धवट आहे." बाबा, वाक्य राहू द्या, चाल करा! "करतो की. घाई कसली." एका डावात चहा दोनदा झाला. मी त्यांना सपाटून हरवलं. पुष्कळ दिवसांनी जोरात हसले. हसण्याचा आवाज मलाच परका वाटला.

११ मार्च, मंगळवार

दोन बांध काढले. त्यांच्या जागी दोन 'धाव' घातल्या, पहिल्या चालीपासून अंगावर जाणारी पानं. भूल न देता दाढ काढल्यासारखं वाटलं.

१५ मार्च, शनिवार

बाबांना दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि वर "आजोबा, तुम्ही कुठला डेक खेळता?" असं विचारलं. बाबा ताठ बसून म्हणाले, "सुनेचा उरलेला."

मी पाच डाव खेळले, तीन जिंकले. जिंकले! बँकेतल्या बाईंना दोनदा. त्यांनी मनापासून हात मिळवला आणि पानं पाडली.

बाबा तेवढा वेळ कोपऱ्यातल्या खोक्यात हात घालून बसले होते. कुणाला नको असलेली पानं दुकानदार त्या खोक्यात टाकतो. एकेक पान नाकाशी धरून वाचत होते. चार पानं निवडून खिशात घातली. दुकानदार म्हणाला, "आजोबा, ही कुणी खेळत नाही हो."

"चित्रं बरी आहेत," बाबा म्हणाले.

मी बघितलीसुद्धा नाहीत. माझं लक्ष दाराकडे होतं. तो शनिवारी ह्याच दुकानात यायचा, पूर्वी. आता बहुतेक दुसरीकडे जातो.

१८ मार्च, मंगळवार

चारही कानोसे गेले, त्यांच्या जागीही 'धाव' आल्या. आता डेक पळतो. कालच्यापेक्षा आज, आजच्यापेक्षा उद्या. दुकानदार म्हणतो, "आता कसं, आता माणसांत आलात!"

बाबांशी रात्रीचं जेवण झाल्यावर एक डाव. ते अजून हरतातच, पण चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहतात. आज मधेच म्हणाले, "तू लहान प्यादं मरू देत नाहीस."

म्हणजे?

"एवढंसं प्याद्याचं पान. त्याच्यावर कुणी आलं की तू आपला राखणदार मधे घालतेस. तेवढा मोठा राखणदार! मी तीन दिवस बघतोय."

मला राग आला. हो, घालते. सगळे ओरडतात. तोही ओरडायचा — 'प्यादी मरायलाच असतात!' मला नाही बघवत, काय करू? कागदाचं आहे, माहीत आहे मला.

बाबा म्हणाले, "मी कुठे चूक म्हटलं?" आणि पुढचं पान वाचायला लागले.

२१ मार्च, शुक्रवार

एक बांध गेला. शेवटचा एक राहिलाय. तो हातात घेऊन संध्याकाळभर बसले.

काय विनोद आहे बघ! हे पान फक्त त्याच्यासाठी आहे. त्याच्यापर्यंत पोहोचायचं तर हे काढायला हवं. आणि काढलं तर त्याच्यासमोर बसेन तेव्हा माझ्याकडे त्याच्यासाठी काही नसेल.

हे पान त्यानेच आणलं होतं, माझ्या वाढदिवसाला. स्वतःचा वणवा अडवणारं पान! "घे, नाहीतर रडशील," म्हणाला होता.

काढलं. आठही पानं कपाटात साड्यांखाली ठेवली.

२३ मार्च, रविवार

लिहायला हवं. क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मीच काहीतरी वेगळं रचेन.

मोठा हॉल, लांब टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या. तो मला लांबून दिसला. केस कापले आहेत. निळा शर्ट माझ्या ओळखीचा नाही.

पहिली फेरी जिंकले. दुसरी जिंकले. तिसरीत समोर एक गृहस्थ घाम पुसत होते, त्यांनाही हरवलं. डेक पळत होता. मग भिंतीवर चौथ्या फेरीच्या जोड्या लावल्या. माझ्या नावासमोर त्याचं नाव! दोघांचं आडनाव एकच. पंच येऊन विचारून गेले, "नातेवाईक का?" तो म्हणाला, "हो." मी पानं पिसायला घेतली.

डावाआधी आपला डेक समोरच्याला कापायला द्यायचा असतो. घरी तो कापायचा आणि वरच्या पानावर दोन टिचक्या मारायचा, दरवेळी, बारा वर्षं. आज त्याने कापला आणि नुसता सरकवला. मी वाट बघत बसले. पंच म्हणाले, "करा सुरू."

पन्नास मिनिटं होती माझ्याकडे. काय बोललो आम्ही? "तुझी चाल." "बाबांचे गुडघे?" "बरे आहेत." "तुझी चाल."

मी वेगाने मांडत गेले. तो मख्ख. मला कळत होतं! पानं दाबून बसलाय. डाव्या अंगठ्याने हातातल्या शेवटच्या पानाचा कोपरा चाळवतोय. म्हणजे वणवा आला. जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, मला कळत होतं आणि माझ्या हातात चार 'धाव' होत्या. टाकला त्याने. सगळं खाक.

तो थांबला. मी अडवेन म्हणून थांबला. मग म्हणाला, "बांध?"

"काढले."

"सगळे?"

"सगळे."

खूप वेळ माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता. आता विचार. तोंड उघडलं मी. तेवढ्यात तोच म्हणाला, "बरं केलंस."

त्याच्या आवाजात राग नव्हता. सुटल्यासारखा वाटला तो. मी काढले ते तुझ्यासमोर बसायला, हे वाक्य राहूनच गेलं. त्याला कळलं ते भलतंच, मी त्याचा नाद सोडला असं, आणि त्याला ते पटलंही!

दुसऱ्या डावात काय झालं आठवत नाही. पानं गोळा करताना तो म्हणाला, "पुढच्या रविवारी बाबांना न्यायला येतो. जागा झालीय माझ्याकडे. तू किती दिवस करणार?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच माहीत नाही. त्याने हो धरलं.

२४ मार्च, सोमवार

दोन साचे बिघडवले. लॅबचे सर म्हणाले, "घरी जा." घरी बाबा होते. त्यांना काय सांगू म्हणून बाजारातून दोन चकरा मारून गेले.

२६ मार्च, बुधवार

सांगितलं. बाबांना आधीच माहीत होतं, त्याने फोन केला होता.

"तू काय म्हणतेस?" त्यांनी विचारलं.

"तुमचा मुलगा आहे, बाबा."

"ते मला ठाऊक आहे. तू काय म्हणतेस?"

मी काय म्हणणार! कोणत्या तोंडाने म्हणणार? ज्याच्यामुळे ते माझे सासरे, तोच माझा राहिला नाही. उद्या वहिनी म्हणेल तेच सगळे म्हणतील — हिने का अडवून ठेवलं म्हाताऱ्याला. मी म्हणाले, "तिकडे लिफ्ट आहे. गुडघ्यांना बरं."

बाबा "हं" म्हणाले. आज डाव झाला नाही.

२९ मार्च, शनिवार

बॅग भरली. स्वेटर, औषधं, चष्म्याची जुनी डबी. औषधांवर वेळा लिहून चिकटवल्या. बाबा खुर्चीत बसून नुसते बघत होते. एकदाच म्हणाले, "पानांचा डेक वर ठेव. हाताशी."

एकटीचा चहा किती घालायचा, मला येत नाही. खरंच येत नाही. रडू आवरत नाहीये, म्हणून बंद करते.

३० मार्च, रविवार

तो आला. बॅग दारात होती. बाबा टेबलाशी पानं पिसत बसले होते. "बैस जरा," त्याला म्हणाले, "हिच्याशी एक डाव राहिलाय."

तो उभाच राहिला. मी खेळले. डोळे भरलेले, पानं नीट दिसेनात. बाबा माझ्या एका लहान प्याद्यावर आले, मी सवयीने राखणदार मधे घातला. बाबांनी 'आमिष' टाकलं — प्याद्याला वाचवायला जो येईल, तो गेला. पुन्हा प्यादं, पुन्हा राखणदार, पुन्हा आमिष. चार वेळा! खोक्यातली ती चार पानं. बाबा पहिल्यांदा जिंकले.

मला कळायच्या आधी त्याला कळलं. वाकून पानं बघितली आणि म्हणाला, "बाबा, अहो, ही दुसऱ्या कुणासमोर चालणार नाहीत. असं फक्त हीच खेळते."

बाबा पानं गोळा करत होते. म्हणाले, "मग मी दुसऱ्या कुणासमोर कशाला बसू?"

मग दारातली बॅग उचलून परत आतल्या खोलीत नेली. मी नाही, बाबांनीही नाही. त्यानेच.