एकावन्नाव्या वर्षीची चूक

३ जून
ताई डॉक्टरांकडून आली ती थेट माझ्या खोलीत. चौथा महिना चालू आहे तिला. आपलं बाळ धाकट्या भावासारखं ठेंगणं निघेल का, ही धास्ती. म्हणून आम्हा सगळ्यांचं रक्त तपासायला दिलं होतं.
"मला भीती नाही, बाबा. तुम्हा दोघांच्याही रक्तात ते ठेंगणेपण नाहीच. त्याच्यात ती चूक नव्यानं घडली. बहुतेक वडिलांच्या बाजूनं — वय झालेलं असलं की."
तो झाला तेव्हा मी एकावन्न वर्षांचा! कवितांच्या नादात लग्नच उशिरा केलं.
एकोणतीस वर्षं सगळे म्हणत आले, त्याच्या आजोळी सगळे बुटके. माझी आक्का तर हिच्या तोंडावर — "आमच्यात असलं नव्हतं हो कधी." आणि मी? शेजारच्या खोलीत चौथीच्या पुस्तकातल्या कविता गुणगुणत.

४ जून
हिनं वाढलेलं ताट तसंच सरकवून उठलो.

५ जून
स्वतःच गेलो ताईच्या डॉक्टरीणबाईंकडे. लेकीच्या वयाच्या आहेत. म्हणाल्या, बाईची बीजं ती जन्मायच्या आधीच तयार असतात. पुरुषाची आयुष्यभर घडत राहतात — वर्षाला वीस-बावीस वेळा नकलेवरून नक्कल. चुका साचत जातात.
"सगळ्या जिवांत सारख्याच?"
"छे. जंतूंचा वेग वेगळा, उंदराचा वेगळा, माणसाचा वेगळा. चुका दुरुस्त करायची सोय ज्याची त्याची. तीही पिढ्यान्‌पिढ्या बदलत आलेली. अगदी बिनचूक कुणीच नाही, आजोबा. तसं असतं तर नवं काही घडलंच नसतं."
"मग दोष कुणाचा?"
"कुणाचाच नाही."
त्यांना काय जातंय म्हणायला. हिनं ऐकून घेतलं ते?

७ जून
चौतीस वर्षं छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली. कवितेतला एक काना निसटला तरी माझा जीव वरखाली व्हायचा. वेलांटीला जपलं. बायकोला नाही.

८ जून
हिला सांगायला गेलो. भाजी निवडत होती. "काय हवंय?" म्हणाली. पाणी मागितलं.

१० जून
धाकट्याच्या घड्याळांच्या दुकानात. ताईनं त्याला सांगितलेलं. डोळ्यावरचं भिंग न काढताच म्हणाला, "एवढ्या वर्षांत तुमच्या नजरेतून सुटलेली एकच चूक, आणि ती मी? मान आहे बाबा हा." तो हसला. मला हसू येईना. मग हळूच म्हणाला, "आईला सांगा. माझी माफी मागू नका."

११ जून
सांगितलं. सगळं. आक्काचं, माझ्या गप्प बसण्याचंही.
ही कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली नाही. "मला माहीत आहे. तो सहा वर्षांचा असतानाच मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ताईची भीती जावी म्हणून तिला आता तपासायला मीच धाडलं. तो सहा वर्षांचा होता तेव्हा तुम्ही त्याला मांडीवर घेऊन कविता शिकवायचात. म्हटलं, ह्यांना कळलं तर मांडीवर घ्यायचे नाहीत."