दोन ठोके म्हणजे जाऊ द्या

१२ मार्च, बुधवार

पुन्हा भांडण! करार मोडायचा की ठेवायचा. शेजारच्या देशाबरोबरचा हा करार इतकी वर्षं नुसता होता, घरात कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सार्वमत जाहीर झालं आणि दोघे भाऊ एकमेकांच्या उरावर बसायला निघाले. मोठे भाऊजी म्हणतात, मोडा. आमचे हे म्हणतात, ठेवा. मी ह्यांच्या बाजूची. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर मागे ‘करार राहू द्या’चा भलामोठा स्टिकर आहे.

गंमत अशी की बाबा आपल्याच बाजूचे आहेत, असं दोघांनाही वाटतं! पक्षाघाताचा झटका आल्यापासून सासऱ्यांच्या तोंडात एकच शब्द उरलाय — हो. सकाळी भाऊजी येऊन विचारून गेले, “मोडायचाच ना बाबा?” हो. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, “ठेवायचाच ना?” हो. दोघेही खूश. मी विचारलं असतं, चंद्रावर जाऊया का, तरी हो.

ह्यांनी टोकलं तर भाऊजी म्हणाले, “तुला हो म्हणाले? जाऊ दे, त्यांना काय कळतंय आता.” स्वतःला हो म्हणाले तेव्हा मात्र सगळं कळत होतं!

१३ मार्च

माझ्याकडे गाडी शिकणाऱ्या केमिस्टबाईंनी आज घाम फोडला. वाहतुकीची सगळी चिन्हं तोंडपाठ, विचारा कुठलंही. चौक आला की डोळे मिटतात! माझ्या पायाशी वेगळा ब्रेक आहे म्हणून दोघी घरी पोचलो. पाठ असणं वेगळं आणि कळणं वेगळं, पहिल्या वळणाला समजतं.

“मतदानाचं काय ठरवलंत?” सहज विचारलं. “आमचे हे म्हणतील तसं,” म्हणाल्या. मनात म्हटलं, धन्य! असल्या लोकांच्या हाती देश.

१५ मार्च, शनिवार

आजचं आजच लिहून ठेवते.

बाबांना सूप भरवत होते. त्यांचा डावा हात नेहमीसारखा पलंगाच्या लोखंडी कठड्यावर वाजत होता. डॉक्टर म्हणालेले, थरथर आहे, लक्ष देऊ नका. दिवसभर टकटक नको म्हणून कठड्याला आम्ही टॉवेल गुंडाळला होता. आज तो धुवायला टाकलेला.

“आणखी सूप?” तोंडाने — हो. बोटाने — टक. चमचा पुढे केला तर ओठ घट्ट. “पाणी?” हो. टक टक. आणि घटाघटा प्यायले!

मी चमचा खाली ठेवला. जन्मभर बस चालवली या माणसाने. कंडक्टरची घंटी — एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. मला गाडी शिकवली तीही त्यांनीच, शेजारी बसून, डॅशबोर्डवर असेच ठोके देत!

“बाबा, तुम्ही बाई आहात?” हो. टक. “मी तुमची सून?” हो. टक टक. “मी तुमच्यापेक्षा चांगली गाडी चालवते?” हो. टक! एकच! आणि डोळ्यांत हसू.

मी मोठ्यांदा रडले. वर्षभर हा माणूस बोलत होता आणि आम्ही त्याच्या बोलण्याला टॉवेल गुंडाळला होता.

१६ मार्च

भाऊजींचा विश्वास बसेना. “ठोक्यांवर काय, काहीही जुळवता येतं.” मग म्हणाले, थांब, मीच विचारतो. खुर्ची ओढून बसले. “बाबा, लहानपणी मी डेपोतल्या बसचा हँडब्रेक काढला होता. तेव्हा तुम्ही मला मारलं होतंत?” सगळ्या घराला ठाऊक आहे की मारलं होतं. भाऊजी स्वतःच रंगवून सांगतात.

टक.

भाऊजींनी खुर्ची मागे सरकवली. “नव्हतं मारलं,” म्हणाले. “मांडीवर घेऊन बसले होते. बाबांनी आणि मी ठरवलं होतं, घरी मारलं म्हणून सांगायचं.” आणि तोंड फिरवून बाल्कनीत गेले.

१८ मार्च, मंगळवार

आज घरात आम्ही दोघंच. दार लावलं.

शिकाऊ माणसाला मी नियम विचारत नाही. पुढे काय होईल, ते विचारते. बाबांनाही तसंच विचारलं. करार मोडला तर पलीकडे जायला परवाना लागेल? टक टक. तुमच्या गोळ्या तिकडून येतात, त्या महागतील? टक टक. मोडला की सगळ्यांना नोकऱ्या मिळतील? टक. बरं, ठेवला तर सगळं आलबेल होईल? टक! ही आमच्या बाजूची थाप, तीही पकडली.

मग म्हटलं, “बाबा, आई आता नाहीत, पण त्यांचं माहेर पलीकडे आहे. तिथं पुन्हा जाणं होणार नाही कदाचित. कळतंय ना?” बोट कठड्यावर अधांतरी राहिलं. मला वाटलं, उगाच विचारलं. मग हळूच — टक टक.

“तर मग, मोडायचा?”

मी एका ठोक्याची वाट पाहत होते. टक टक.

उलटून विचारलं. “ठेवायचा?” टक. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

“अहो पण का?” म्हणाले आणि जीभ चावली. ‘का’ला ठोकाच नाही! हो-नाहीत ‘का’ मावत नाही.

त्यांच्याकडे नुसती बघत बसले. सगळी किंमत ठाऊक आहे, एकेक करून मोजून दाखवली, आणि तरीही तेच हवंय. मला पटत नाही. अजिबात पटत नाही! पण एवढं स्वच्छ मन मी आजवर पाहिलेलं नाही. मी ज्या खोलीत फक्त औषधं द्यायला जात होते, तिथं वर्षभर एक अख्खा माणूस जागा होता. त्यांच्यापुढे मोठ्याने बोलायचीही छाती होईना.

२१ मार्च

मतदानाला बाबांचा मदतनीस म्हणून आत कुणी जायचं, यावर रणकंदन. दोघेही म्हणतात, मी मुलगा आहे. शेवटी म्हटलं, त्यांनाच विचारा की! भाऊजी? टक. हे? टक. मी? टक टक.

ह्यांनी मला डोळा मारला. आपलंच मत पक्कं, असं वाटलं असणार. बाबांनी कुठला ठोका दिलाय, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

२३ मार्च, रविवार. मतदान.

केंद्रावरचा अधिकारी बाबा बहिरे असल्यासारखा ओरडला, “आजोबा, कशाला मत देताय ते कळतंय ना तुम्हाला?” “हो,” बाबा म्हणाले. त्याचं समाधान झालं! जिथं कळायचं तिथं, बाबांच्या बोटाकडे, त्याने बघितलंच नाही. माझ्या बोटाला शाई लावली. मला काहीच विचारलं नाही.

पडद्यामागे चाकाची खुर्ची नेली. कानाशी वाकून प्रश्न वाचला — करार मोडावा का? पेन ‘नाही’वर नेलं. टक. ‘हो’वर नेलं. टक टक, खुर्चीच्या दांड्यावर, स्वच्छ.

माझा पाय आपोआप खाली दाबला गेला. ब्रेक! पण खाली नुसती फरशी. पेन हलेना. ‘नाही’वर फुली मारली असती तर कुणाला कळणार होतं? बाबा कागदाकडे बघतही नव्हते. माझ्याकडे बघत होते.

तो स्टिकर त्यांच्या खिडकीतून रोज दिसतो. मी कुठल्या बाजूची, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं! ठाऊक असून मला निवडलं. भाऊजींनीही ‘हो’वरच फुली मारली असती, पण ती भाऊजींची झाली असती. माझ्या हातून पडली तरच ती बाबांची. केवढा हिशेब! आणि केवढा माझ्यावर भरवसा!

फुली मारली. ‘हो’वर. रेघ सरळ आली.

मग माझी मतपत्रिका. ‘नाही’ — पटकन मारली आणि बाहेर. क्षणभरही थांबावं लागलं नाही.

२४ मार्च

करार राहिला! निसटता, पण राहिला. हे नाचायचेच बाकी. “शेवटी लोक शहाणे असतात!” मागच्या आठवड्यात हेच म्हणत होते, लोकांना काय कळतंय. भाऊजींचा फोन आला, “लोकांना काय कळतंय!” जिंकलं की शहाणे, हरलं की अडाणी.

बाबांना मीच सांगितलं. खिडकीबाहेर बघत राहिले. मग पाणी प्यायले. नंतर डाव्या हाताने माझं बोट उचललं आणि कठड्यावर ठेवलं. “काय हवंय बाबा?” पुन्हा माझं बोट धरलं, पुन्हा ठेवलं, आणि वाट बघत राहिले.

एकदम लक्षात आलं. “कशाला मत दिलं ते मला कळलं होतं का, असं विचारताय?”

टक टक.

मोडला तर काय, ते मी त्यांना विचारून घेतलं होतं. ठेवला तर काय, हे मी स्वतःला कधी विचारलं? स्टिकर मला ह्यांनीच आणून दिला होता. केमिस्टबाईंचा क्लास आहे म्हणाले आणि निघाले. क्लास उद्या आहे.

२५ मार्च

बाबांनी सूप नको म्हणून एकदा टक केलं. माझं बोट पुन्हा कठड्यावर ठेवलं. मला खोटं बोलवेना.

एकदाच वाजवलं.