पुरावा पुसला गेला ती वेळ

चि. धाकट्यास, ताईचे आशीर्वाद, या वेळी जरा हात आखडता घेऊन.

१२ मार्च, सकाळी ११ वाजून ४० मिनिटं. अपघातातल्या विमानाचा नियंत्रण-संगणक तू मेमरी उतरवून न घेताच बंद करून पुन्हा चालू केलास. मग तपास-अहवालात ‘संगणकात दोष नाही’ असं लिहून सही ठोकलीस आणि खापर वैमानिकावर, म्हणजे तुझ्या सख्ख्या भाच्यावर फुटलं.

अरे, निवृत्त होईपर्यंत मी प्रयोगशाळेत चिपांवर किरणांचा मारा करत होते. अवकाशातून आलेल्या किरणांमधला एखादा न्यूट्रॉन आदळला की मेमरीतल्या शून्याचा एक होतो आणि विमान अचानक नाक खाली टाकतं. पुन्हा चालू केल्यावर तीच चिप अगदी साळसूद! हे तुला मीच शिकवलं होतं. तेव्हा मान डोलवत होतास.

इथे इस्पितळात काळजीचं काही नाही. लेक कुबडी घेऊन खिडकीपर्यंत जातो. नर्स प्रेमळ आहे, चहा भिकार. तुझ्या बायकोचा गुडघा कसा आहे?

काल हातातल्या चमच्याकडे बघत तो म्हणाला, “आई, माझाच हात चुकला असणार. मामा खोटं कशाला लिहील?”

न्यूट्रॉनच होता, हे आता मलाही सिद्ध करता येणार नाही. पण ‘मेमरी मी पुसली’ एवढं त्याला लिही. फोन नको, तू रडतोस आणि मी विरघळते.

३० एप्रिलला दुपारी चारला त्याला घरी सोडणार आहेत. त्याआधी तुझं लेखी उत्तर त्याच्या हातात पडलं पाहिजे.

अजूनही तुझीच,
ताई