चौऱ्याण्णव कार्डं

९ मार्च, सकाळ

प्रिय दादा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. वहिनीचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे सगळं ठीक. हिचं शिवणकाम जोरात आहे. घरभर पडद्यांचं कापड पसरलेलं असतं आणि मला जेवायला टेबलाचा एक कोपरा मिळतो. हवा कोरडी आहे.

एकवीस तारखेला गोल्फ क्लबात मला 'सर्वाधिक प्रगती'चं बक्षीस मिळणार, म्हणून तू यायचं ठरवलंयस. बॅगही आणतोयस, आदल्या दिवशी दोघं अठरा होल खेळू म्हणतोस. दादा, येऊ नकोस.

हे वाक्य लिहून मी पेन बाजूला ठेवलं होतं. आता कारण लिहितो, पण वळसा घालूनच लिहीन. सवय आहे.

तुझी जुनी गोल्फची बॅग मला दिलीस तेव्हा म्हणाला होतास, "रविवारी जात जा. चाळिशीनंतर माणसाला स्वतःवर चिडायला हक्काची जागा लागते." पहिलं वर्ष तसंच गेलं. चेंडू कमी आणि गवत जास्त उडायचं. हँडिकॅप अठ्ठावीसवर ठाण मांडून बसला होता. आता तो चौदा झालाय. हिला सांगितलं तर म्हणाली, "अहो, निम्मा झाला? मग आता कसं?" मी म्हटलं, हँडिकॅप म्हणजे जास्तीचे लागणारे फटके, ते कमी झालेलेच चांगले. ती हसली नाही.

तू मात्र खूश झालास. 'फक्त रविवारी खेळून पाच महिन्यांत निम्मा! गुरू कोण केलास?' गुरू नाही केला. इथला सेक्रेटरी बक्षीस देताना खेळाडूनं किती फेऱ्यांची कार्डं भरली तेही वाचून दाखवतो. माझी चौऱ्याण्णव आहेत. पाच महिन्यांत रविवार येतात वीस-बावीस. तू खुर्चीत बसल्या बसल्या हिशेब केला असतास, म्हणून मीच आधी करून देतोय.

मी ऑक्टोबरपासून कामावर जात नाही. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात मी गेलो.

रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडतो. पहिल्या तारखेला साठवलेल्यातून पगाराएवढे पैसे हिच्या हातात ठेवतो. बॅग क्लबच्या लॉकरमध्येच असते. आठला पहिल्या होलवर. सोबतीला एक निवृत्त गुरांचे डॉक्टर असतात. ते माझे फटके लिहितात, मी त्यांचे, आणि शेवटी दोघं एकमेकांच्या कार्डावर सह्या करतो. दुपारी सतराव्या होलमागच्या बाकावर डबा खातो. मग ऑफिस सुटायच्या वेळेपर्यंत पटिंगचा सराव. इतक्या नेमानं मी नोकरीवरही कधी गेलो नाही.

आणि तिथं मी सज्जन माणूस असतो बरं का. फेब्रुवारीत झुडपातली फांदी सरकवताना माझा चेंडू बोटभर हलला. डॉक्टर पार पलीकडच्या उतारावर होते, कुणीही पाहिलं नव्हतं. मी हाक मारून सांगितलं, दंडाचा एक फटका माझ्यावर लावा. ते म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो." पुढचे तीन होल मला धड दिसले नाहीत.

वर 'माणसं कमी केली' असं लिहिलंय ते खोटं आहे. खोडत नाही. राहू दे, माझी सवय तुला दिसेल.

मला काढलं. लिफ्टचा ब्रेक तपासायला वर गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत जावं लागतं. एके दिवशी अशा सात इमारती तपासायच्या होत्या. सहाव्या इमारतीला मी खाली गाडीतच बसून कागदावर 'तपासलं' लिहिलं आणि सही केली. कंटाळा आला होता, एवढंच. आणि ती पहिली वेळही नव्हती. आठवड्यानं ती लिफ्ट दोन मजले कोसळली. आत आमचाच फिटर होता. जगला, पण त्याचा पाय आता वाकत नाही. ज्या साहेबांकडे तू माझ्यासाठी शब्द टाकला होतास, त्यांनीच तो कागद माझ्यापुढे ठेवून विचारलं, "ही सही तुमचीच ना?" माझीच होती. त्या कागदावर तेवढंच खरं होतं.

फिटरला मी अजून भेटलेलो नाही. त्याची गल्ली क्लबच्या वाटेवर आहे. मी दुसऱ्या रस्त्यानं जातो.

हिला सांगायचं रोज ठरवतो. मागच्या मंगळवारी जेवताना हिनं कापड बाजूला सारलं, माझे दोन्ही हात ओढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. गोल्फचा हातमोजा एकाच हातात घालतात हे तुला सांगायला नको. उजवा रापून काळा, डावा मनगटापर्यंत पांढराफटक. दोन्ही निरखून पाहिले. मग म्हणाली, "रविवारचं ऊन एवढं लागतं?"

मी म्हटलं, "लागतं."

ती उठून ताटं आवरायला लागली. दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत उन्हासाठी लावायचं मलम होतं.

त्यानंतरही सगळं पूर्वीसारखं. डबा भरते, शर्टाला इस्त्री करते, दारात विचारते, "आज उशीर होईल का?" ओरडली असती तर मी पाय धरले असते. या मलमाचं काय करू? मी ते लावतो, दादा. रोज पहिल्या होलवर उभा राहून उजव्या हाताला लावतो आणि मला स्वतःची किळस येते.

वाटलं होतं, शंभर कार्डं खरी लिहिली की तो एक कागद पुसला जाईल. नाही पुसला जात. आता चांगला फटका बसला तर डॉक्टर 'वा' म्हणायच्या आत मी पुढे चालू लागतो. मला कुठे जावं ते कळत नाही. घर आणि क्लब, दोन्हीकडे जायची लाज वाटते.

बक्षीस नको म्हणून सेक्रेटरींना आज कळवतोय. हे पत्र पेटीत मी टाकणार नाही. हिच्या हातात देणार आहे. तुला मिळालं, तर तिनं वाचलं असं समज.

आपल्या खेळात एकट्याच्या सहीनं कार्ड खरं ठरत नाही, म्हणून खाली दोन जागा सोडल्यात. वर लिहिलेलं सगळं मी तपासलंय. या वेळी जिने चढून.

खेळाडूची सही: तुझा धाकटा

सोबत्याची सही: दादा, यांचं पत्र मी वाचलं. पेटीत मीच टाकते आहे. पण जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही, त्यावर सही करणार नाही.