मागच्या बाकावरच्या तिघी

आदरणीय साहेब,

वरच्या वस्तीपर्यंत आता गाडीरस्ता झाला, असं कळलं आणि तुमची आठवण आली. तुम्ही तपासणीला आलात तेव्हा नदीपासून चार तासांची चढण होती. तुमच्या बुटाचा तळ सुटला होता, तो तुम्ही सुतळीने बांधला होता.

वर्गात वीस मुलं नसती तर शाळा बंद होणार होती. माझ्याकडे सतरा होती. म्हणून मी मुलांच्याच तीन आयांना दोन-दोन वेण्या घालून मागच्या बाकावर बसवलं. हे आज कबूल करते.

तुम्ही नेमकं त्यांतल्या मेंढपाळाच्या बायकोलाच उभं केलंत. "आपल्या जिल्ह्यात डोंगर किती?"

मी फळा पुसायला वळले.

ती म्हणाली, "मोजायला वेळ कुणाला, साहेब? रोज दोन चढावे लागतात, तेवढे माहीत आहेत."

सगळा वर्ग हसला. तुम्हीही हसलात आणि वहीत वीस लिहिलंत. निघताना मला हळूच म्हणालात, "बाई, मागच्या बाकाला आता खरंच शिकवा. पुढच्या वर्षी वाचून घेणार आहे मी."

मी शिकवलं, साहेब. कामं उरकून तिघी यायच्या. त्यांचं अडखळत वाचणं अजून कानात आहे.

पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरेच साहेब आले. मेंढपाळाची बायको दिवसभर धडा उघडून बसली होती. "ते साहेब का नाही आले?" तिने विचारलं.

तुमची बदली आमच्यामुळे झाली का, हे विचारायचं धाडस मला आजही होत नाही. म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही.

आपली,
वरच्या शाळेची बाई