शेवटच्या पाट्या

३ फेब्रुवारी

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू चिडून सांगतेस, म्हणून लिहितो. गेल्या महिन्यात तू माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलंस. जुनी सिस्टीम कंपनीने वाऱ्यावर सोडली, यंत्र अजून धडधाकट आहे, म्हणालीस. मान्य. पत्ते खेळता येतात, पेपर उघडतो. पण सिनेमांची ती साइट पडदा काळा करून सांगते की हे या उपकरणावर चालणार नाही. माझी वर्गणी मात्र तिला चालते.

आईने कपडे शिवलेला सिनेमा तिथे आलाय, या महिनाअखेरपर्यंत. बावीस वर्षं शिवते ती, आणि शेवटच्या पाट्यांत नाव येतं ठेकेदाराचं. या खेपेला तिचं टाकायचा त्याने शब्द दिलाय. ती म्हणते, पाळलाय त्याने शब्द. म्हणून तिला ते डोळ्यांनी दाखवायचंय. तू परस्पर बघून कळवू नकोस.

चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली. घरमालकालाच दाराबाहेर उभं करणारं कुलूप पहिल्यांदा पाहिलं.

तुझ्यावरचा लोभ शाबूत आहे. लिनक्सवरचा गेला.

बाबा


८ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पेन इतकं दाबून लिहिलंय की कागद दोन ठिकाणी फाटलाय.

मी निघाले त्या दिवशी आपण दोघांनी मांजरांचे व्हिडिओ बघितले होते, आठवतं? ते फुकटातले, उघडे असतात. वर्गणीचे सिनेमे कुलूप लावून येतात आणि ब्राउझरला त्याची किल्ली वेगळी घ्यावी लागते. लिनक्सवर तो ती आपणहून घेत नाही. वर एक पट्टी दाखवून परवानगी मागतो. ती तुम्ही नाकारली असणार. आधी नाही म्हणायचं आणि मग प्रश्न काय होता ते विचारायचं, हे तुमचं जुनंच. मला शिकायला बाहेर पाठवतानाही तेच केलंत. आणि बोल लिनक्सला.

आईला सांगा, जागरणं करून शिवू नकोस.

रागावलेली तरी तुमचीच,
थोरली


१२ फेब्रुवारी

चि. थोरलीस आशीर्वाद, नेहमीपेक्षा थोडे कमी.

पट्टी येते. रोज येते. मी रोज नाही म्हणतो. का म्हणतो, ते सोबतच्या चिठ्ठीत वाच. तू जाताना ती स्क्रीनच्या खालच्या कडेला चिकटवून गेलीस. अक्षर तुझं आहे, वर मोठ्या माणसाला दम देणारी दुहेरी रेघही तुझीच: ‘कोणीही कसलीही परवानगी मागितली तर नाही म्हणायचं. विचार करायचा नाही.’

मी विचार केला नाही.

अनोळखी माणसाला किल्ली करून दिली नाही म्हणून दुकानाचं नाव राहिलं. आता हो म्हणायचं असेल तर तसं लिहून पाठव. त्याच अक्षरात.

बाबा


१६ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

चिठ्ठी पाहिली. मुलांनीही पाहिली. माझ्याच घरात मला तोंड दाखवायला जागा नाही.

नवी सोबत आहे: ‘फक्त सिनेमांच्या साइटला हो.’ हो म्हटल्यावर ब्राउझर एकदा बंद करून उघडा. चित्र जरा धूसर दिसेल. लिनक्सवाल्यांना ही साइट हलक्या प्रतीचं पाठवते. हो, वर्गणी तेवढीच. तो राग माझ्यावर काढू नका, मी तो इथे आधीच काढलाय.

क्षमा असावी आणि लवकर कळवावं.

थोरली


२३ फेब्रुवारी

चि. थोरलीस आईचे आशीर्वाद.

बाबा लिहिणार होते, मी पेन काढून घेतलं.

चिठ्ठी चिकटवली, हो म्हटलं, सिनेमा लागला. दोन तास मी कोटांच्या कॉलरी बघत होते. गोष्ट काय होती ते बाबांना विचार. पाट्या सुरू झाल्या तशा साइटने त्या नखाएवढ्या करून कोपऱ्यात ढकलल्या आणि दुसराच सिनेमा लावायला घेतला. बाबा उठून उभे राहिले. स्क्रीनला म्हणाले, बाई बसल्यात इथे, दिसत नाही का. चौथ्या खेपेला पाट्या मोठ्या करायचं बटण सापडलं, पाचव्या खेपेला नेमक्या जागी थांबवता आलं.

नाव आहे. धूसर, पण माझंच. बाबा वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना बोलावून घेऊन आले. त्या चष्मा विसरल्या होत्या, तरी छान म्हणाल्या.

मग मी पुढच्या पाट्या वाचल्या. गाड्या चालवणारे आहेत. चहा देणारा आहे. माझ्या हाताखाली काजं करणारी नाही. तीनशे अकरा काजं, सगळी हातची, अंगठ्याला चिंधी बांधून केली तिने. काल विचारत होती, तुमचं आलं का हो. तिचं आलं का, हे तिने विचारलंही नाही. बावीस वर्षं मीही विचारलं नव्हतं.

ठेकेदाराला पत्र लिहिलंय. तुला वाचायला पाठवते. चुका काढ, पण मऊ करू नकोस. बाबांनी पडदा अजून तिथेच थांबवून ठेवलाय, जेवतानाही तिकडे तोंड करून बसतात. माझ्या नावाखाली बोटभर काळी जागा मोकळी आहे. एक ओळ आरामात बसते, हे मी ठेकेदाराला मोजून कळवलंय.

तुझी आई